जुना गडी आणि नवा संघ



व्याख्यानमालेत खेळाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु आम्ही आज जो प्रश्न मांडणार आहोत तो केवळ मैदानावरचा नाही. एखादा संघ एका माणसाच्या बळावर वर आला. पुढे तो माणूस थकला आणि संघही उतरणीला लागला. अशा वेळी चालकांनी त्या माणसास ठेवावे, की जाऊ द्यावे? आणि जाऊ द्यावयाचे तर केव्हा, व कशाच्या बदल्यात? जो कोणी संस्था, पेढी अगर नाटकमंडळी चालवतो, त्याच्या दारी हा प्रश्न कधी ना कधी येऊन उभा राहतो. आम्ही तो कबड्डीच्या उदाहरणाने मांडतो, कारण हुतुतू येथे कोणास समजावून सांगावा लागत नाही.

प्रो कबड्डीच्या स्पर्धा २०१४ साली सुरू झाल्या. मुंबईच्या 'यू मुंबा' संघाचे कर्णधारपद हरियाणातल्या अनुप कुमारकडे होते. मॅटवर हा माणूस कधी घाईत दिसला नाही. चढाईला जावे, बोनस रेषेवर पाय टाकून एक गुण घ्यावा आणि शांतपणे परत यावे, ही त्याची रीत. पहिल्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली, दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, तिने बंगळूरला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळवले, आणि तिसऱ्या स्पर्धेत पाटण्याने तिला अवघ्या तीन गुणांनी हरवले. तीन स्पर्धा आणि तिन्हींत अंतिम सामना! २०१६ च्या ऑक्टोबरात अहमदाबादेस भारताने इराणला ३८-२९ असे नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हाही कर्णधार अनुपच होता.

संघाला उतार मात्र तिसऱ्या स्पर्धेनंतरच लागला होता. चौथ्या स्पर्धेत मुंबई बाद फेरीबाहेर राहिली, आणि २०१७ च्या पाचव्या स्पर्धेतही तेच झाले. याचे कारण एकटा अनुप होता असे आम्ही म्हणणार नाही. तथापि चढाई करणाऱ्याचे शरीर कसे चालते हे लक्षात घेतले पाहिजे. तीस सेकंदांत सात जणांच्या मध्ये शिरावयाचे, पकड पडली तर चारपाच माणसांचे ओझे गुडघ्यावर व खांद्यावर घ्यावयाचे, आणि हे एका सामन्यात पंधरा-वीस वेळा. डोके शाबूत राहते, पण पाय अर्ध्या क्षणाने मागे पडतो; आणि कबड्डीत अर्धा क्षण म्हणजे घोट्याला बसलेला हात. त्यातून बोनसचा नियम असा की, समोर निदान सहा गडी असतील तरच तो गुण मिळतो. म्हणजे समोरचे गडी मारून मैदान रिकामे करणारा दुसरा कोणीतरी संघाला लागतोच.

२०१८ साली नियम असा होता की, प्रत्येक संघाने मोजके जुने खेळाडू ठेवावेत व बाकीचे लिलावात सोडावेत. मुंबईने एकही खेळाडू ठेवला नाही. अनुपही सुटला. लिलावात जयपूरने, म्हणजे पहिला अंतिम सामना ज्यांनी हिरावून घेतला त्याच संघाने, त्यास ३० लाखांना घेतले. त्याच लिलावात सहा खेळाडूंची बोली एक कोटीवर अगर त्याच्या पुढे गेली. विश्वचषक जिंकून आणणाऱ्या कर्णधाराला तीस लाख! पुष्कळांना हे लागले. जयपूरचीही त्या वर्षी बाद फेरी हुकली आणि १९ डिसेंबर २०१८ रोजी अनुपने निवृत्ती जाहीर केली.

मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव रोज होतो आणि तो आपण सर्वांनी पाहिला आहे. सकाळच्या सुरमईचा भाव दुपारी राहत नाही, याबद्दल कोणी सुरमईची कीव करीत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र हाच शब्द कानाला बोचतो, आणि तो बोचावा हे आम्हांस बरेच वाटते.

आता आमचे मत. अनुपला सोडले यात मुंबईचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. चुकली ती वेळ. दोन वर्षे आधी तोच निर्णय अधिक कठीण गेला असता, पण अधिक उपयोगाचा ठरला असता. आणि चुकते ती पद्धत.

आमचे म्हणणे स्पष्ट होण्यासाठी अमेरिकेतला एक व्यवहार पाहू. बास्केटबॉलमधल्या बॉस्टन सेल्टिक्स संघाने २००८ साली विजेतेपद मिळवले. पॉल पियर्स हा त्यांचा पंधरा वर्षांचा जुना मानकरी. केव्हिन गार्नेट हा त्याचा जोडीदार. २०१३ साली पियर्स पस्तीस वर्षांचा होता, गार्नेट सदतीसचा. गावकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी असताना चालकांनी दोघांनाही ब्रुकलिन नेट्स संघाकडे पाठवले. बदल्यात काय घेतले? पैसे नव्हे, तर पुढची पोरे निवडण्याचा हक्क! तिकडे रीत अशी आहे की, दरवर्षी नव्या तरुण खेळाडूंची निवड होते, आणि जो संघ दुबळा त्याचा नंबर साधारणपणे आधी लागतो. बॉस्टनने ब्रुकलिनचे २०१४, २०१६ व २०१८ चे पहिल्या फेरीचे नंबर मागून घेतले, शिवाय २०१७ साली नंबरांची अदलाबदल करण्याची मुभाही घेतली. ब्रुकलिनला वाटले, दोन म्हातारे सिंह आले, आता आपण जिंकलो. ते बाद फेरीतली एक पायरी चढले आणि पुढे असे कोसळले की २०१६-१७ च्या हंगामात ८२ पैकी ६२ सामने हरले. त्यांचे नंबर आधी लागले, पण ते वापरले बॉस्टनने. त्यांतून २०१६ साली जेलन ब्राउन आणि २०१७ साली जेसन टेटम हे दोघे विशीच्या आसपासचे तरुण आले. त्यांच्याच जोरावर २०२४ साली बॉस्टन पुन्हा विजेता झाला. पेरणी आणि कापणी यांत अकरा वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवावे. कोकणात कलमे लावणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

मुंबईने अनुपला सोडल्यावर तिच्या हाती असे काही आले नाही. आली ती फक्त रिकामी थैली. थैलीचा उपयोग मात्र तिने वाईट केला नाही. एक कोटीला इराणचा फझल अत्राचली घेतला. हा मुळात अनुपच्याच हाताखाली २०१५ च्या विजयी संघात खेळलेला. आणि ३६ लाख ४० हजारांना सिद्धार्थ देसाई नावाचा नवखा मुलगा घेतला. तिलारीचा घाट चढून गेलात की जो चंदगड तालुका लागतो, तेथला हा मुलगा. अनुपची किंमत तीस लाख आणि या अनोळखी पोराची छत्तीस लाख, हे आकडे शेजारी ठेवून पाहा. त्या पोराने पहिल्याच स्पर्धेत चढाईचे २१८ गुण केले आणि मुंबई पुन्हा बाद फेरीत पोहोचली.

मग पुढच्याच वर्षी मुंबईने सिद्धार्थलाही सोडले! तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचलले. मुंबई त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेली हे खरे. परंतु विजेतेपद काही तिला त्यानंतर मिळालेले नाही. म्हातारा सोडला याला आम्ही संघबांधणी म्हणत नाही. म्हाताऱ्याच्या जागी आलेला तरुण तुम्ही किती वर्षे सांभाळला, त्यावरून ती बांधणी ठरते.

याचा पडताळा पुण्यात मिळतो. निवृत्तीनंतर २०१९ साली अनुपला पुणेरी पलटणने प्रशिक्षक नेमले. २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरात सुरू झालेल्या स्पर्धेत पुण्याने नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणातला मोहित गोयत अशी दोन नवी पोरे उतरवली. अनुप तेव्हा बाकावर बसून त्यांना चढाया सांगत होता. पुढे प्रशिक्षक बदलले, पण पोरे बदलली नाहीत. २०२२ साली पुणे अंतिम सामन्यात हरले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून ते विजेते झाले, तेव्हा कर्णधार अस्लम होता. ज्याला मुंबईने ठेवले नाही, त्याच्या हाताखाली घडलेल्या पोरांनी पुण्याला विजेतेपद दिले. थकलेल्या खेळाडूचा असाही एक उपयोग असतो, आणि लिलावाच्या बोलीत त्याची किंमत कोठेच धरली जात नाही.

कोणी म्हणेल, हे सारे हिशेब झाले, कृतज्ञतेचे काय? प्रेक्षकाला आपला माणूस पाहावयाचा असतो. हे खोटे नाही. बालगंधर्वांना लोकांनी उतारवयातही स्त्रीभूमिकेतच पाहू इच्छिले, आणि त्या हट्टापायी त्यांची मंडळी एका माणसाभोवतीच फिरत राहिली. ज्या प्रेमाने नव्या नटाला उभे राहण्यास जागा उरत नाही, त्या प्रेमाला कृतज्ञता म्हणावे की नाही, याबद्दल आम्हांस शंका आहे. आपल्या दशावतारी कंपन्यांत नट एका कंपनीतून दुसरीत जातात; त्याबद्दल कोणी सुतक पाळीत नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा नाटकप्रयोग पाहण्यासही आपण तितक्याच आवडीने जातो.

मात्र प्रत्येक जुना खेळाडू एकाच मापाने मोजू नये. चढाई करणारा लवकर उतरतो, पकड करणारा उशिरा. कारण पकडीत पायापेक्षा अंदाज अधिक चालतो. फझल अत्राचलीचेच पाहा. मुंबईनंतर पुण्याने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले आणि एका हंगामानंतर सोडले. पुढे गुजरात, मग बंगाल असे करीत तो दिल्लीच्या संघात गेला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस अंतिम सामना झाला तो पुणे आणि दिल्ली यांच्यात. तेहेतीस वर्षांचा फझल दिल्लीच्या बचावात उभा होता, आणि दिल्लीने तो सामना ३१-२८ असा जिंकला.