जमीन घेताना खालचे पाणीही पाहा



जमिनीत पैसा गुंतवताना आपण सातबारा, नकाशा, रस्ता बारकाईने पाहतो. जमिनीखालचे पाणी मात्र सातबाऱ्यावर उमटत नाही. शिरोळ तालुक्यातील नदीकाठची काळी, खोल जमीन दिसायला सोन्यासारखी. पण उसाला वर्षानुवर्षे दिलेले जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे तेथील बरेच क्षेत्र पाणथळ व क्षारपड झाले आहे.

पुष्कळदा जमीन उन्हाळ्यात, नांगरट करून दाखवली जाते. नांगरटीत वरचा पांढरा थर गाडला जातो! म्हणून पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा जा आणि शेजारची विहीर पाहा. ती तुडुंब आहे म्हणून हुरळू नका. पाणी जमिनीखाली मीटरभरावरच असेल तर मुळे गुदमरतात, आणि केशाकर्षणाने क्षार वर येतात.

दोन-तीन ठिकाणी मीटरभर खड्डे घेऊन थरवार माती तपासून घ्या. संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास जमीन क्षारयुक्त. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास चोपण समजावी. चोपण जमिनीला जिप्सम लागते, पण निचऱ्याशिवाय ते वायाच.

भूमिगत सच्छिद्र पाइपांनी अशी जमीन सुधारता येते. मात्र पाणी सोडायला नाला हवा. तो शेजाऱ्याच्या रानापलीकडे असेल तर त्याची लेखी संमती खरेदीखतापूर्वीच घ्या. २०१९ व २०२१ च्या महापुरात पाणी कोठवर आले होते, तेही गावात विचारा. नदीला फूग आली की नाल्याचे पाणी उलटे शिरते. तेव्हा पाइपाचे तोंड बंद करण्याची सोय लागते.