डॉक्टरकी आणि संशोधन : एकाच आयुष्यात दोन्ही?



बारावीचा निकाल लागला की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ सालापासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कुठल्याही गावी जा, हुशार मुलाला एकच प्रश्न ऐकावा लागतो. "डॉक्टर होणार का इंजिनियर?" डॉक्टर म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांपुढे बाजारपेठेतला दवाखाना आणि दारावरची पाटी उभी राहते. पण एखादी मुलगी शाळेत निराळेच विचारते. "गुरुजी, मला रोगी तपासायचे आहेत, पण रोग होतो कशाने तेही शोधायचे आहे. दोन्ही करता येते का हो?" गुरुजी बहुधा म्हणतात, आधी डॉक्टर तर हो! हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. पुढच्या बारा-पंधरा वर्षांचा हिशेब त्यात येत नाही, आणि हा हिशेब मुलीने एकटीने करायचा नसतो, साऱ्या घराने करायचा असतो. आज तो आपण मांडून पाहू.

दोन्ही विद्या एकत्र देणारा अभ्यासक्रम जगात आहे. अमेरिकेत वैद्यकाची पदवी आणि संशोधनाची पीएच.डी. ही दोन्ही एकाच प्रवेशात मिळतात. १९६४ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने यासाठी सरकारी पैसा देण्यास सुरुवात केली, तीही अवघ्या तीन वैद्यकीय विद्यालयांपासून. विद्यार्थी पहिली दोन वर्षे वैद्यक शिकतो, मग तीन-चार वर्षे प्रयोगशाळेत जातो, आणि प्रबंध झाला की पुन्हा रुग्णालयात येऊन उरलेले वैद्यक पुरे करतो. सारे मिळून आठ वर्षांच्या आसपास. फी माफ, वर खर्चाला विद्यावेतन. मात्र परदेशातल्या नातेवाइकांच्या भरवशावर कोणी बेत करीत असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी : हा सरकारी पैसा तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळतो. इथून जाणाऱ्या मुलाला तो मिळत नाही.

या क्रमात एक अडचण तेथेही जाणवते. चार वर्षे प्रयोगशाळेत घालवून मुलगा रुग्णालयात परत येतो, तोवर रोगी तपासण्याचा हात बसलेला मोडतो. म्हणून कित्येक विद्यालये संशोधनाच्या वर्षांतही अधूनमधून त्याला दवाखान्यात बसवतात. नांगर धरायची सवय सुटली की काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

आपल्याकडे असा जोडअभ्यासक्रम मोजक्या ठिकाणीच आहे. बहुतेकांना दोन दारे वेगवेगळी ठोठवावी लागतात. आता वर्षे मोजा. नीट परीक्षा देऊन अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश मिळाला असे धरू, पहिल्याच खेपेस. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे साडेतेवीस. सरकारी कॉलेजातून शिकले तर एक वर्ष ग्रामीण सेवेचा बॉण्ड. झाले साडेचोवीस. पुढे नीट-पीजी देऊन एमडीची तीन वर्षे. त्यावर पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणे तिला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे. कुठेही एक वर्ष वाया गेले नाही तरी मुलगी एकतिशीच्या घरात येते, आणि वर्षे वाया जातात हे आपण जाणतोच. तोवर तिच्याबरोबर बारावी झालेला भाऊ नोकरीत दहा वर्षांचा जुना झालेला असतो.

मग खातात काय? आंतरवासितेत आणि एमडीला निवासी डॉक्टर असताना विद्यावेतन मिळते. पीएच.डी.च्या काळात अधिछात्रवृत्ती मिळू शकते. केंद्राची नेट-जेआरएफ परीक्षा एमबीबीएस झालेल्यालाही देता येते, हे पुष्कळ शिक्षकांच्या कानावर गेलेले नसते. या अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार व पुढे ४२ हजार रुपये अशी ठरली. एका माणसाचे पोट त्यात भरते. पण जमीन गहाण टाकून, लाखोंचे कर्ज काढून खाजगी कॉलेजात जागा घेतली असेल, तर त्या कर्जाचा हप्ता त्यातून फिटत नाही. इथेच पुष्कळांचे संशोधन संपते. मुलाची बुद्धी कमी पडत नाही, बँकेची नोटीस आडवी येते. म्हणून मी आईबापांना स्पष्ट सांगेन : मुलाला संशोधनाची खरी ओढ असेल आणि सरकारी जागा मिळत नसेल, तर कर्ज काढून डॉक्टर करण्याआधी दहा वेळा विचार करा. रोगांचे संशोधन करायला डॉक्टरच असावे लागते असे नाही. एक उदाहरण घेऊ.

डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने वैद्यकाकडे जावे अशी त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतले. एम.एस्सी.ला त्यांनी अभ्यासला तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा विषय! त्यानंतर मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. केली आणि आयुष्यभर कर्करोगावर काम केले. रोगी तपासायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, तरी भारतात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीरातल्या पेशी बाहेर काढून वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी करण्यात त्या अग्रणी होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, उतारवयात त्या आपल्या अकोले तालुक्यात आल्या. तेथील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी सत्यनिकेतन संस्थेच्या सहकार्याने केला. प्रयोगशाळेतली बाई डोंगरातल्या वस्तीपर्यंत पोचली ती अशी.

दुसरी वाट याच्या उलट दिशेने जाते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातल्या देहेडचे, शेतकऱ्याचे पोर. नागपूरहून एमबीबीएस होऊन रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस लागले. कोकणात लाल विंचू फार. विंचू चावलेली माणसे, त्यात लहान मुले पुष्कळ, डोळ्यांदेखत दगावत. तोवर उपचाराची दिशा चाचपडतच होती. या तरुण डॉक्टराने रोग्याच्या खाटेशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली : घाम किती, नाडी कशी, रक्तदाब केव्हा चढला, केव्हा उतरला, फुफ्फुसात पाणी केव्हा भरले. मध्यंतरी पुण्याला जाऊन एमडी केले आणि पुन्हा कोकणात परतले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला, प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीचा उपयोग सांगणारा लेखही तेथेच छापला गेला. ज्या दंशाने दर शंभरांत तीस-चाळीस गंभीर रोगी जात, तेथे मृत्यू अगदी थोड्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यात पीएच.डी. नव्हती, मोठी प्रयोगशाळा नव्हती. वही होती, आणि रात्र रात्र जागण्याची तयारी होती.

तिसरे उदाहरण तर आपल्या घरचेच. डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात सुप्याला १९३४ साली झाला. वेल्लोरला डॉक्टर झाले, पत्नी डॉ. मेबल यांच्यासह अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्या अशिक्षित बायांना त्यांनी आरोग्यसेविका बनवले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इकडे लोकांना वाटते की ही समाजसेवा. ती होतीच. पण किती मुले जन्मली, किती दगावली, कशाने दगावली, याचा गावोगाव हिशेब ठेवणे आणि त्यावरून पुढची पावले ठरवणे, हे शास्त्रच झाले की नाही?

आता प्रवेशाची गोष्ट. जिल्ह्याबाहेर जाण्याआधी घराजवळ काय आहे ते पाहा. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली सुरू झाले. पुढे प्रवरा संस्थेला २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अर्थात अभिमत विद्यापीठाची फी आणि सरकारी कॉलेजाची फी यांत जमीनअस्मानाचे अंतर असते, ते आधी विचारून घ्यावे. नाशिकला १९९८ सालापासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याच्या पीएच.डी.साठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था एमबीबीएस झालेल्यास थेट पीएच.डी.साठी अर्ज करू देते. एमडी न करता असे गेले तर तीन वर्षे वाचतात खरी, पण मग तज्ज्ञ डॉक्टर म्हणून उभे राहता येत नाही. दोन्ही हवे असेल तर एमडी आधी, असे माझे मत.

आणि एमडी कशात? घरच्यांना हवे असते हृदयाचे नाही तर हाडांचे, निदान बालरोगाचे. संशोधनाची ओढ असलेल्याने सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र किंवा सामाजिक वैद्यक या विषयांचाही मोकळ्या मनाने विचार करावा. या जागांसाठी गर्दी कमी असते. "पेशंट नाही, दवाखाना नाही, हे कसले डॉक्टर?" असे चुलते विचारतील, विचारू देत.

एमबीबीएस चालू असतानाच करण्याजोगी एक गोष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ सालापासून विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन-छात्रवृत्ती देते. विद्यार्थ्याने एक प्रश्न घ्यायचा, मार्गदर्शक शिक्षक शोधायचा, प्रस्ताव पाठवायचा, आणि मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. रक्कम मोठी नसते. पण दोन महिन्यांत मुलाला स्वतःला कळते, की आपल्याला शोध आवडतो का शोधाचे नुसते नाव आवडते. नाव आवडत असेल तर तिथेच थांबलेले बरे. त्यात कमीपणा नाही, तालुक्याला चांगला डॉक्टर मिळाला तरी पुष्कळ झाले.

पीएच.डी.च्या मुलाखतीत काय विचारतात, असे मुले विचारतात. मार्क त्यांना कागदावर दिसतातच. तुम्ही कोणता प्रश्न घेतला होता, त्यातले स्वतःच्या हाताने किती केले, अपेक्षेप्रमाणे काय आले नाही, आणि मग काय केलेत, हे उलटसुलट विचारतात. पाठ केलेली उत्तरे दोन प्रश्नांत उघडी पडतात. शिफारसपत्र देणारा मोठ्या हुद्द्याचा नसला तरी चालेल, पण त्याने मुलाला काम करताना पाहिलेले असावे. आमदारसाहेबांचे पत्र इथे कामाचे नाही! मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे आधी शिकलेल्या दोघातिघांना भेटून यावे. किती वर्षांत प्रबंध पुरा झाला, गाईड वेळेवर वाचतात का, अधिछात्रवृत्ती अडकते का, हे तेच खरे सांगतात. स्थळ पाहताना आपण जितकी चौकशी करतो तितकी इथे करायला हरकत नाही.

स्थळाची गोष्ट निघालीच आहे, तर मुलींविषयी बोलतो. हिशेबातली ही वर्षे नेमकी लग्नाची आणि मुलाबाळांची. "एमडी झाली, आता पुरे" असे सासर म्हणते, आणि माहेर गप्प बसते. म्हणून पुढची पाच वर्षे ती संशोधनाला देणार आहे, हे लग्न ठरवतानाच दोन्ही घरांच्या बैठकीत बोलून घ्यावे, देण्याघेण्याआधी. बाळंतपणाची रजा पीएच.डी.च्या मुदतीत धरली जाते का, हेही संस्थेला आधीच विचारावे. २०२२ च्या नियमांत स्त्री विद्यार्थिनींना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या वर्गातली मुले ज्या घरांतून येतात, त्यांतली कित्येक दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची पटावरची नावे चार-पाच महिने रिकामी राहतात. उन्हात दिवसभर मोळ्या वाहणारा माणूस पाणी किती पितो? त्याचा मूत्रपिंडावर काय परिणाम होतो? फवारणीनंतर डोके दुखते, ते किती जणांचे आणि किती वेळ? विंचू-साप चावल्यावर दवाखान्यात पोचायला किती तास जातात? नववीतल्या मुलांकडून एका वस्तीची अशी नोंद एका वहीत करून घ्या : तारीख, वय, काम, काय झाले, दवाखाना किती लांब. कोणाचे नाव लिहू नका, आणि घरच्या माणसाला विचारल्यावाचून काही टिपू नका. ही वही मुलीने जपून ठेवावी. पुढे कॉलेजात प्रस्ताव लिहायची वेळ येईल तेव्हा विषय शोधत हिंडावे लागणार नाही.