शीतगृहाची वाया जाणारी उष्णता



जबलपूर जिल्हा हिरव्या मटारासाठी प्रसिद्ध आहे. मटार गोठवून टिकवायचा, तर तो आधी सुमारे ९५ अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवावा लागतो. मग उणे १८ अंशांपर्यंत गोठवतात. म्हणजे एका बाजूला बॉयलर इंधन जाळतो आणि शेजारचे शीतयंत्र उष्णता आकाशात सोडून देते! ही उष्णता थोडीथोडकी नव्हे. मालातून १०० किलोवॉट काढताना कॉम्प्रेसरला ५० किलोवॉट वीज लागली, तर बाहेर १५० किलोवॉट टाकावी लागते.

कॉम्प्रेसरमधून निघणारा अमोनिया वायू कंडेन्सरमध्ये शिरण्यापूर्वी बराच तापलेला असतो. वाटेत उष्णता-विनिमयक बसवून बेताचे पाणी २५ वरून ५५ अंशांवर नेले, तर तेवढ्या पाण्यापुरता बॉयलरचा तीन-सप्तमांश भार उतरतो. अधिक ऊन पाण्याच्या लोभाने कंडेन्सरचा दाब मात्र वाढवू नये. झालेली बचत वीजच खाऊन टाकील.

आणखी एक गोम आहे. मटाराचा हंगाम हिवाळ्यातला. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, शीतगृह भरपूर उष्णता टाकते. पण तिला गिऱ्हाईक नसते. म्हणून माझ्या मते हा प्रयोग प्रथम दूध शीतकरण केंद्रांत व्हावा. तेथे दूध ४ अंशांवर आणणे आणि भांडी गरम पाण्याने धुणे, ही दोन्ही कामे बारा महिने रोज चालतात.