अभयदानाचे घर

(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषणाचा मजकूर)



जैन श्रावकाला चतुर्विध दान सांगितले आहे : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पैकी पहिल्या तिन्हींत समाजाने हात आखडता घेतलेला नाही. भोजनशाळा, दवाखाने, पाठशाळा आणि वसतिगृहे यांची यादी मोठी आहे. चौथ्या दानाचा अर्थ मात्र बहुधा जीवदयेपुरता राहिला. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाली, म्हणजे मुक्या जनावराला निर्भय जागा देण्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. माणसाच्या मुलाला तशी जागा हवी असते, हा विचार त्या मानाने उशिरा सुचतो.

दिवाळे हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. बेलापूरला मोठमोठ्या कचेऱ्या आल्या, रेल्वे आली, काचेच्या इमारती आल्या. खाडीतील मासळी मात्र घटली. वडिलांची होडी चालविण्यात मुलाला भवितव्य दिसेना, आणि कचेरीच्या दारात त्याला शिक्षण कमी पडू लागले. याच परिसरात टेकडीच्या पायथ्याच्या झोपड्यांत बांधकामावरच्या मजुरांची मुले वाढतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे असतील, तर सोळा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी जायचे कोठे? तो जेट्टीवर जातो, स्थानकाबाहेर उभा राहतो, पानाच्या गादीपाशी बसतो. तेथे त्याची वाट पाहणारेही असतातच. मुलीचे तर त्याहून अवघड. ती घराबाहेर पडतच नाही, आणि घर प्रत्येकीसाठी सुरक्षित असतेच असे नाही.

अशा तरुणांसाठी युवा केंद्र काढावे, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे. त्यावर जी शंका दबक्या आवाजात घेतली जाते, ती येथे उघडपणे मांडणे बरे. मासेमारी करणाऱ्या घरांतील मुले जैन संस्थेच्या सभागृहात कशी घ्यावीत?

या शंकेचे उत्तर समाजाच्याच इतिहासात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात जन्मले. शिक्षणासाठी कोल्हापुरात असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले, तेव्हा स्नान केल्यावाचून पंगतीला बसू नये, अशी त्यांना आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ही गोष्ट जैन समाजाने अभिमानाने सांगावी अशी नाही, पण विसरावी अशीही नाही. ज्या मुलाला दार बंद झाले, त्यानेच पुढे हजारोंसाठी दारे उघडली.

भाऊराव मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. (व्यापाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे, माणसे ओळखण्याची विद्या त्यांना या फिरतीतच मिळाली असावी.) १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. लक्ष्मीबाई पाटील सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या. परंतु मुलांच्या धान्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, प्रसंगी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. देणगीदारांच्या फलकावर ज्यांचे नाव येत नाही, अशा दात्यांत त्यांची गणना करावी लागेल. त्याच रयत संस्थेचे महाविद्यालय आज वाशीत, दिवाळ्यापासून काही स्थानकांच्या अंतरावर, भाऊरावांच्या नावाने उभे आहे.

तेव्हा केंद्रात मिळणारा अल्पोपाहार शाकाहारी असेल, एवढा नियम पुरे. मुलाच्या घरी काय शिजते, हे दारात विचारले जाऊ नये. बाहेर अहिंसेचा उपदेश आणि आत त्याच मुलाची मान खाली, हा व्यवहार तोट्याचा.

आता जागेविषयी. सभागृह लग्नसराई वगळता बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. नवी इमारत बांधण्याचा मोह टाळावा. कोनशिलेला पैसा लवकर मिळतो, रोज सायंकाळी दार उघडणारा माणूस मिळत नाही. केंद्र सायंकाळी पाच ते नऊ चालावे. कॅरम, वाचनाची टेबले, एक-दोन संगणक, अभ्यासाला मदत आणि नोकरीच्या अर्जांची माहिती एवढ्यावर आरंभ होतो. मुलींसाठी स्वतंत्र वेळ हवी, आणि त्या वेळी जबाबदार स्त्री कार्यकर्ती हजर हवीच. स्वच्छतागृहाला आतून लागणारी कडी हवी. हे क्षुल्लक वाटेल, पण पुष्कळ मुलींचे येणे न येणे त्या कडीवर ठरते.

‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ पाटीवर लिहून सिद्ध होत नाही. कोणताही प्रौढ, मग तो विश्वस्त का असेना, बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसणार नाही, असा लेखी नियम हवा. प्रत्येक कार्यकर्त्याची चौकशी आधी व्हावी, आणि मोठ्या देणगीदाराच्या नातेवाइकालाही त्यातून सूट नसावी. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने असा अपराध कळल्यावर पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे. संस्थेची अब्रू राखण्यासाठी गप्प बसणे हाही त्या कायद्याने अपराधच ठरतो. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा.

खर्चाचा अंदाज विश्वस्तांनी वेगळ्या टिपणात वाचावा. तूर्त सभेपुढे दोनच कामे आहेत. सभागृहाच्या नियमावलीतील ‘फक्त समाजबांधवांसाठी’ हे शब्द सायंकाळच्या वेळेपुरते वगळण्याचा ठराव मताला टाकावा. आणि आठवड्यातील एकेक संध्याकाळ देण्यास तयार असलेल्या भगिनींनी व बंधूंनी सभा संपल्यावर कार्यालयातील वहीत आपले नाव आणि वार लिहावा. शनिवारी दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात, म्हणून त्या वाराला नावे कमी पडतील, हे ध्यानात ठेवून लिहावे.