गाणं एका रात्रीचं, हिशोब वर्षानुवर्षांचा

(मंडळाच्या युवा गटाच्या बैठकीत केलेलं भाषण, वाचकांसाठी थोडं नीटनेटकं करून.)



माझी ओळख आत्ता 'मंडळाचे माजी खजिनदार' अशी करून दिली गेली. खजिनदाराला एरवी आभारप्रदर्शनाच्या जरा आधी बोलायला देतात आणि तोवर निम्मं सभागृह बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभं असतं! आज मात्र मला पहिल्यांदाच उभं केलंय आणि विषय दिलाय गाण्याचा. मला सूर-तालातलं फारसं कळत नाही. पण मुलांनी विचारलं, 'काका, आम्ही गाणं रेकॉर्ड करून पैसे उभे करणार आहोत, तुम्ही चार शब्द बोलाल का?' म्हटलं, पैशाचा विषय असेल तर चार काय, चाळीस बोलेन.

तुम्हाला माहीत आहेच, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात अतिवृष्टीने हाहाकार केला. उभी पिकं गेली, जनावरं गेली, काही ठिकाणी तर शेतातली मातीच वाहून गेली. आपल्यापैकी अनेकांची गावं त्याच पट्ट्यातली. तेव्हा आपल्या युवा गटाने ठरवलं की गिटार, ड्रम्स, तबला आणि आठ-दहा गळे एकत्र आणायचे, एक मराठी रॉक गाणं करायचं आणि त्यातून मदत उभी करायची. कल्पना ऐकल्याबरोबर एका आजोबांनी विचारलं, 'अहो, पैसेच पाठवायचेत ना? मग सरळ पाठवा की, गाणं कशाला?'

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपण जरा मागे जाऊ या.

१९७१ साल. पूर्व पाकिस्तानात आधी १९७० च्या चक्रीवादळाने थैमान घातलेलं, त्यावर युद्ध आणि अत्याचार. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पंडित रविशंकरांचं घराणं मूळचं त्याच बंगालातलं, जेसोर भागातलं. ते अस्वस्थ होते. त्यांनी आपला मित्र आणि शिष्य, बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, याला साकडं घातलं. हॅरिसनने फोन फिरवले आणि अवघ्या काही आठवड्यांत, १ ऑगस्ट १९७१ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले. 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन ही सगळी रॉकमधली बडी मंडळी बिनमानधन आली. सुरुवात मात्र आपल्या लोकांनी केली. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर आपल्या मुंबईत स्थायिक झालेले उस्ताद अल्लारखाँ (झाकीरभाईंचे वडील) आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून होताच श्रोत्यांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. तेव्हा पंडितजी हसून म्हणाले की, वाद्यं लावणंच एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे!

दोन्ही कार्यक्रमांना मिळून सुमारे ४० हजार लोक आले. तिकिटांतून २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट जमले आणि ते युनिसेफला गेले. (खजिनदाराला सेंटसुद्धा लक्षात राहतात, माफ करा.) कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन रेकॉर्ड्सच्या संचात निघालं आणि १९७३ साली त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या देशाचं नावही अमेरिकेतल्या तरुणांनी ऐकलं नव्हतं, ते एका दिवसात घरोघरी पोचलं. आजोबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. चेक पाठवला तर पैसे पोचतात. गाण्याने पैशाबरोबर बातमीही पोचते आणि ज्यांचा त्या दुःखाशी काही संबंध नव्हता, तेही खिशात हात घालतात.

पुढची गोष्ट १९८४ ची. इथिओपियातल्या दुष्काळाचं बीबीसीवरचं वार्तांकन पाहून बॉब गेल्डॉफ हा आयरिश गायक हादरला. मिज युर आणि तो, दोघांनी मिळून एक नाताळचं गाणं रचलं. लंडनमधला सार्म वेस्ट स्टुडिओ मालकाने एका दिवसासाठी फुकट दिला आणि २५ नोव्हेंबरला, रविवारी, बोनो, स्टिंग, जॉर्ज मायकल, फिल कॉलिन्स असे सगळे तिथे जमले. बॉय जॉर्ज न्यूयॉर्कहून कॉन्कॉर्ड विमानाने आला. नाव ठेवलं 'बँड एड'. वर्षभरात सुमारे ८० लाख पौंड जमले.

ते पाहून अमेरिकनांनाही वाटलं, आपण मागे का? २८ जानेवारी १९८५ च्या रात्री, अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा सोहळा आटोपून ४५ हून अधिक कलाकार हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत आले. गाणं मायकल जॅक्सन आणि लायनेल रिचीचं, 'वुई आर द वर्ल्ड'. संगीत दिग्दर्शक क्विन्सी जोन्सने दाराशीच पाटी लावली होती, अहंकार बाहेर ठेवून आत या अशा अर्थाची. (ही पाटी आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीतही लावायला हरकत नाही. टाळ्या नकोत, सगळे इथेच बसलेत!) त्या रात्री स्टीव्ही वंडरने सुचवलं की एक ओळ स्वाहिलीत घेऊ. कोणीतरी लक्षात आणून दिलं की इथिओपियात स्वाहिली बोलतच नाहीत. ओळ गळली. हेतू चांगला असला तरी ज्याला मदत करायची त्याची माहितीही हवी, एवढं यातून घेऊ. पहाटेपर्यंत गाणं झालं आणि त्यातून ६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

१३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड' झालं, लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणी. त्यात सगळ्यांत गाजली ती क्वीनची २१ मिनिटं. तो फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. त्याचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' पाचगणीच्या थंडीत जन्मला. म्हणजे या कहाणीत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आणि हे सगळं गोऱ्यांचंच, असंही नाही. १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्याला पैसे हवे होते, तेव्हा सुधीर फडक्यांनी, म्हणजे आपल्या बाबूजींनी, पुढाकार घेतला आणि लतादीदी पुण्यात हिराबागेत त्यासाठी गायल्या. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना द्यायला क्रिकेट बोर्डाकडे पैसे नव्हते, तेव्हाही दीदी दिल्लीत गायल्या, एक पैसाही न घेता. आणि २०१० साली कौशल इनामदारने सुरेश भटांच्या शब्दांवर मराठी अभिमानगीत केलं. ते मदतनिधीसाठी नव्हतं, भाषेसाठी होतं. पण शंभरावर गायक एका गाण्यात आणि खर्च लोकवर्गणीतून, ही रीत तीच. तेव्हा मुलांनो, तुम्ही काही परकं करत नाही आहात.

इथवर सगळं गोड आहे. आता खजिनदार बोलणार.

१९७१ च्या त्या कार्यक्रमाचं पुढे काय झालं? घाईत एक गोष्ट राहून गेली होती. करमाफीसाठी संस्थेची आधी रीतसर नोंदणीच झाली नव्हती. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने रेकॉर्डच्या विक्रीचे पैसे वर्षानुवर्षं अडकवून ठेवले. इंग्लंडच्या सरकारनेही रेकॉर्डवरचा कर सोडला नाही आणि शेवटी १९७३ साली हॅरिसनने पदरचा दहा लाख पौंडांचा चेक फाडला. १९८५ पर्यंत सुमारे १.२ कोटी डॉलर बांगलादेशासाठी गेले खरे, पण ज्यांना १९७१ साली अन्न हवं होतं, त्यांना दहा-बारा वर्षांनी सुटलेल्या पैशाचा काय उपयोग? भूक काही प्राप्तिकर खात्याच्या तारखेची वाट पाहत नाही.

हॅरिसनने ते मनात ठेवलं. 'लाइव्ह एड'च्या वेळी पैसा योग्य ठिकाणी कसा पोचवायचा, याबद्दल त्याने गेल्डॉफला बारीकसारीक सल्ला दिला. बँड एडने विश्वस्त निधी नोंदवला. रेकॉर्डवरच्या व्हॅटसाठी गेल्डॉफ थेट थॅचरबाईंच्या सरकारशी भांडला आणि तेवढी रक्कम सरकारने मदतीला दिली. सुदानमध्ये मालवाहतूकदारांनी अडवणूक केली, तेव्हा यांनी स्वतःचे ट्रक घेतले. पुढे २०१० च्या मार्चमध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमातून असं चित्र उभं राहिलं की बँड एडचा पैसा बंडखोरांच्या शस्त्रांकडे वळला. बँड एडच्या विश्वस्तांनी तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये बीबीसीने माफी मागितली, कारण बँड एडच्या पैशाबद्दल तसा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. पंचवीस वर्षांनी आरोप झाला तरी ताठ मानेने उभं राहता येतं, ते कपाटात कागद असले तरच.

आता घराजवळ येऊ. इथे बरीच वर्षं राहिलेल्यांना २००५ चा जुलै आठवत असेल. नॅशनल किडनी फाउंडेशन, आपल्या भाषेत एनकेएफ. टीव्हीवर त्यांचे मोठमोठे चॅरिटी शो व्हायचे. कलाकार जिवावर उदार होऊन कसरती करायचे, गाणी म्हणायचे आणि आपण घरबसल्या फोन करून डॉलर द्यायचो. डायलिसिसवरच्या रुग्णांचे चेहरे पाहून कोण देणार नाही? मग संस्थेचे प्रमुख दुराई यांनीच केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, त्यांच्याच उलटतपासणीत, बाहेर आलं की त्यांचा पगार वर्षाला सुमारे सहा लाख डॉलर होता. सोन्याचा मुलामा दिलेल्या नळाची गोष्ट तर घरोघरी झाली. खटला दुसऱ्याच दिवशी मागे घेतला गेला, दोन दिवसांत प्रमुखांसह सगळ्या मंडळाने राजीनामे दिले. २००७ साली दुराईंना तुरुंगवासाची शिक्षाही झाली.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. हजारो लोकांनी आपली देणगी बंद केली. त्यांचा राग खरा होता. मात्र आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाने कुठला नळ लावला होता? हिशोब एकाने चुकवला आणि धास्ती रुग्णाने घेतली. संस्था नव्या मंडळींनी सावरली, कायदे कडक झाले, पण विश्वास परत मिळवायला खूप काळ जातो. त्याच २००५ साली इथे 'चाइल्डएड' सुरू झालं. गरजू मुलांच्या शाळेच्या खाऊच्या पैशासाठी मुलांनीच गायचं, वाजवायचं. म्हणजे गाण्यावरचा विश्वास उडाला नव्हता. लोकांना फक्त जमाखर्च दिसायला हवा होता.

आपल्याकडे म्हणतात, उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये. स्वतःच्या खिशातून देताना हे शंभर टक्के खरं. पण दुसऱ्याकडून वर्गणी घेतलीत की मग डाव्या हाताला, उजव्या हाताला आणि शेजारच्यालाही कळलं पाहिजे! गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या पोराच्या हातातसुद्धा पावतीपुस्तक असतं, ते उगाच नाही.

आणखी एक गोष्ट, पैशाची नाही पण हिशोबाचीच. बँड एडच्या गाण्यावर अनेक आफ्रिकी लोक वर्षानुवर्षं नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, आमचा अख्खा खंड उजाड आणि केविलवाणा दाखवलात. घाना वंशाचा गायक फ्यूज ओडीजी याने २०१४ च्या आवृत्तीत गायला नकार दिला. २०२४ साली जुने आवाज घेऊन नवी आवृत्ती निघाली, तेव्हा एड शीरननेही सांगितलं की मला विचारलं असतं तर मी आवाज वापरू दिला नसता. तेव्हा गाणं लिहिताना एक कराल? माढ्याचा किंवा धाराशिवचा शेतकरी हे गाणं स्वतःच्या मोबाइलवर ऐकणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवा. त्याला ते ऐकून लाज वाटता कामा नये. तो बिचारा नाही. त्याचं एक वर्ष वाईट गेलंय. गाणं पुरं झालं की आधी तिकडच्या दोन-चार लोकांना ऐकवा आणि ते म्हणतील ते बदला.

बाकी माझ्या सूचना थोडक्यात. इथे राहून परदेशातल्या कामासाठी जाहीर निधी गोळा करायला कमिशनर ऑफ चॅरिटीजचा परवाना लागतो. त्याच्या अटी गाण्याची चाल ठरवण्याआधी वाचा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात एक दिवसही ठेवू नका. पोचवायचे कुणामार्फत, ते गाणं बाहेर पडण्याआधी ठरवून जाहीर करा. रेकॉर्डिंगचा खर्च आपण मोठे लोक वेगळा उचलू, म्हणजे देणाऱ्याचा डॉलर अख्खा पोचेल. आणि पुढच्या दिवाळी अंकात गाण्याच्या फोटोशेजारी एक पान जमाखर्चाचं छापा. किती आले, कुणाला दिले, त्याचं काय झालं. ते पान कोणी वाचणार नाही असं तुम्हाला वाटेल. आजोबा वाचतील, मी वाचेन. आणि ज्याने पहिल्यांदाच पाच डॉलर दिलेत, तो ते पान पाहूनच पुढच्या वेळी दहा द्यायचे की नाही ते ठरवेल.

आजोबांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर असं. गाणं कशाला? तर ही इथे वाढलेली मुलं, ज्यांनी सीना नदी कधी पाहिलेली नाही, ती महिनाभर तिच्या काठच्या माणसांचा विचार करतील. ते कुठल्या ताळेबंदात मांडता येत नाही, हे खजिनदारालाही मान्य आहे.

तेव्हा मुलांनो, जोरात वाजवा. शेजारी तक्रार करतील, त्यांचं आम्ही बघून घेऊ. पहिली देणगी माझी. पावती मात्र आत्ताच फाडा!