ब्रह्मदेशाच्या पंगतीला



वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण आले की वक्त्याने काहीतरी भारदस्त विषय निवडावा, असा रिवाज आहे. आम्ही मात्र आज आपल्यापुढे एका जेवणाची हकीकत सांगायला उभे आहोत. विषय हलका वाटला तरी त्याच्या पोटात एक जुना हिशेब आहे. तो मांडावा म्हणूनच हा प्रपंच.

मुंबईच्या फोर्ट भागात, काळ्या घोड्याजवळ, 2014 साली ‘बर्मा बर्मा’ नावाचे एक उपाहारगृह निघाले. तेथे ब्रह्मदेशी पदार्थ मिळतात, आणि तेही सगळे शाकाहारी. आम्ही चारपाच मंडळी, निम्मी पेणची आणि निम्मी रोह्याची, काही कामासाठी मुंबईस गेलो होतो. काम आटोपले, भूक लागली होती, आणि नेहमीची पुरी-भाजी खाण्याऐवजी आज जरा परमुलुखात जेवू, अशी टूम कोणीतरी काढली. खरे सांगायचे तर आत शिरताना आमची समजूत अशी होती की, काहीतरी चिनी पद्धतीचे, आपल्याशी सुतराम संबंध नसलेले असे पुढ्यात येणार.

पहिले आले ते ‘लफे थोक’. लफे म्हणजे आंबवलेली चहाची पाने. चहा आपण पितो, हे लोक पितात आणि खातातही. त्या पानांत शेंगदाणे, तीळ, तळलेला लसूण, कोबी, टोमॅटो, लिंबू आणि तळलेली कडधान्ये घालून केलेली ही एक प्रकारची कोशिंबीर. आमच्यातल्या एका रोहेकराने दोन घास खाल्ले, तिसऱ्याला तो थबकला आणि म्हणाला, “अहो, यात वाल घालतात की काय?” आम्ही त्याला हसलो. रोहेकराला स्वर्गातही वालच दिसायचे, असे कोणीतरी म्हणाले. पण घरी येऊन शोध घेतला तेव्हा हसण्याची पाळी त्याची आली. ब्रह्मदेशात या कोशिंबिरीत घालायच्या तळणात खरोखरच वाल असतो. तिकडे त्याला ‘पे-जी’ म्हणतात, आणि त्याची रस्सेदार भाजीही करतात. भात कापून झाल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर आपण जो वाल टाकतो, ज्याच्या शेंगांची थंडीत पोपटी लावतो आणि ज्याच्या बिरड्यावाचून आपली पंगत सजत नाही, तो वाल इरावतीच्या काठीही तितकाच घरचा आहे.

पुढे नारळाच्या दुधातले ‘खाउस्वे’ आले. शेवयांवर नारळाच्या दुधाचा दाट रस्सा आणि वरून लिंबू. मुंबईतल्या कित्येक घरांत हा पदार्थ आज सणासारखा होतो. नंतर आले समोशाचे सूप! आंबटसर रस्सा आणि त्यात मोडून घातलेला समोसा. हा समोसा तिकडे कोणी नेला? आपल्याच लोकांनी. इंग्रजी अमलात तामीळ, तेलुगू, बंगाली, गुजराती माणसे लक्षावधींनी रंगूनला गेली. त्यांच्याबरोबर पराठा गेला, बिर्याणी गेली, समोसा गेला. 1942 साली जपानी फौजा आल्या तेव्हा त्यांतली लाखो माणसे डोंगर-जंगले तुडवीत पायी परत निघाली, आणि हजारो वाटेतच पडली. उरलेल्यांपैकी पुष्कळांना 1962 च्या लष्करी राजवटीनंतर दुकाने आणि घरे सोडून यावे लागले. त्यांनी येताना धन आणले नाही. आणली ती जिभेची चव. मुंबईत आज आपण जे हौसेने खातो, त्यातला बराचसा भाग या निर्वासितांच्या शिदोरीतला आहे.

मित्रहो, येथवर सारे गोड झाले. आता हिशेबाकडे वळू.

जेवता जेवता आमच्या लक्षात आले की, ब्रह्मदेश म्हटले की आपल्याला दोन नावे आठवतात. पहिले लोकमान्यांचे. 1908 च्या शिक्षेनंतर ते मंडालेच्या तुरुंगात गेले, ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले आणि 1914 साली सुटून आले. दुसरे थिबा राजाचे. 1885 साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला आपल्या कोकणात, रत्नागिरीस आणून ठेवले. 1910 साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली तो तेथेच वारला. आपला नेता त्यांच्या कैदेत गेला असे आपण म्हणतो खरे, पण तुरुंग इंग्रजांचा होता, आणि त्यांचा राजा मात्र आपल्या अंगणात तीस वर्षे कैदी होता. त्याचे राज्य बुडायला निमित्त कोणते झाले? सागवानी लाकडाचा तंटा. तो ज्या कंपनीशी झाला, ती बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1863 साली मुंबईतच निघाली होती. आपल्या मुंबईच्या पेढीसाठी शेजाऱ्याचे सिंहासन गेले, ही गोष्ट आपण फारशी आठवत नाही.

आणि तांदूळ? 1937 पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता, आणि युद्धापूर्वी सगळ्या जगात सर्वांत जास्त तांदूळ बाहेर पाठवणारा मुलूख तोच होता. वडीलधाऱ्यांच्या तोंडी आम्ही ‘रंगूनचा तांदूळ’ ऐकलेला आहे. आपला जुना कुलाबा जिल्हा भाताचा खरा, पण मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाच्या ताटात रंगूनचा भात पडत होता. 8 मार्च 1942 रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि ती वाट बंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. बंगालच्या दुष्काळात तर लाखो माणसे मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक, पण रंगूनचा तांदूळ तुटला हे त्यांतले एक. ताटातला भात कोणाचा होता, हे तो येईनासा झाल्यावर कळले.

आपण म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर मग आपल्या पेणचा पापडच घ्या. आपल्या देशात बाहेरून जो उडीद येतो, त्यातला फार मोठा भाग म्यानमारहून, म्हणजे त्याच ब्रह्मदेशाहून, येत आला आहे. पापड पेणचा, लाटणारे हात आपल्या आयाबहिणींचे, पण पिठातला उडीद कोणत्या शेतकऱ्याच्या घामाचा, हे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आणि त्या शेतकऱ्याच्या देशात 1 फेब्रुवारी 2021 रोजी पुन्हा लष्कराने सत्ता बळकावली. तेव्हापासून तेथे यादवी पेटली आणि हजारो माणसे सीमा ओलांडून आपल्या मिझोराममध्ये आसऱ्याला आली.

आता एक शेवटची गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या स्वभावाची आहे. ब्रह्मी स्वयंपाकाचा प्राण म्हणजे ‘न्गापी’. मासळी किंवा कोळंबी मिठात मुरवून, कुटून केलेला तो गोळा असतो. शाकाहारी उपाहारगृहात तो मिळणार नाही हे उघडच आहे, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. पण आमच्यातला एक जण म्हणाला, “बरे झाले, त्याचा वास कोण सहन करणार?” त्यावर आमच्याबरोबरचे एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आपल्या आठवड्याच्या बाजारात सुकट-जवळ्याच्या रांगेतून जाताना मुंबईचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो, तेव्हा तुला काय वाटते रे?”

कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. आपल्या वासाला जग नाक मुरडते म्हणून आपण चिडतो, आणि शेजाऱ्याच्या वासाला आपणही तेच करतो. ज्याला आपण परका मुलूख समजून गेलो, तेथे भात होता, नारळ होता, वाल होता, सुकी मासळीही होती. परका होता तो फक्त आपला अज्ञानीपणा.

ब्रह्मदेशात अशी चाल आहे की, जेवायला बसले म्हणजे पहिला घास वडीलधाऱ्यांना वाढायचा. आणि ते जे लफे आम्ही कोशिंबीर म्हणून खाल्ले, ते तिकडे पूर्वीपासून सलोख्याचे मानतात. तंटा मिटला की दोन्ही बाजूंनी ते खायचे. आपल्यात आणि ब्रह्मदेशात भांडण असे नाही, पण न फेडलेला हिशेब आहे: एका राजाचा, एका सागवानाच्या जंगलाचा, कित्येक वर्षांच्या भाताचा. तो पैशाने फिटायचा नाही. पण रत्नागिरीस गेलो तर थिबाचा वाडा नुसती गंमत म्हणून पाहू नये. तिकडच्या मारामारीची बातमी वाचली तर ‘कुठलातरी देश’ म्हणून पान उलटू नये. आणि कधी त्यांच्या पंगतीला बसलो तर नाकाला रुमाल लावू नये. एवढे तरी आपल्या हातात आहे.

उद्या घरी बिरडे होईल, पानाच्या एका कडेला पापड असेल. तेव्हा त्या शेजाऱ्याची क्षणभर आठवण झाली, तरी आमचे आजचे बोलणे फुकट गेले नाही असे आम्ही समजू.