धरणी वारंवार हादरते तेव्हा
(भूकंपमाला, भूकंपोत्तर धक्के आणि गावाचे कर्तव्य या विषयावरील भाषणाचा मजकूर)



आपल्या भाषेने पृथ्वीला धरणी म्हटले, अचला म्हटले. घर, गोठा, देऊळ, शाळा ज्या आधारावर उभी आहेत तो आधार हलणार नाही, या विश्वासावर माणसाचा संसार चालतो. मोठा भूकंप हा विश्वास एका क्षणात मोडतो. परंतु काही प्रदेशांत जमीन एकदा हादरून थांबत नाही. आठवडे, महिने, कधी वर्षानुवर्षे लहानमोठे धक्के बसत राहतात. रात्री मांडणीवरची भांडी खणखणतात, भुईखालून गडगडाट ऐकू येतो, लेकरे दचकून उठतात. अशा गावातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : हे आता थांबणार, की याहून मोठे काही येणार? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणते आणि ते उत्तर अपुरे असताना गावाने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन प्रकार

वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात आधी एक मोठा धक्का बसतो. खडकातील भेगेच्या दोन्ही बाजू एकाएकी सरकतात आणि मग आजूबाजूचा खडक नव्या स्थितीत बसता बसता लहान धक्के देत राहतो. हे भूकंपोत्तर धक्के होत. जपानी शास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ साली त्यांचा नियम मांडला. तो सोप्या शब्दांत असा सांगता येईल : पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले असतील, तर दहाव्या दिवशी सुमारे दहा आणि शंभराव्या दिवशी एखादा, अशा प्रमाणात त्यांची संख्या घटत जाते. मात्र घटते ती संख्या. उशिरा येणारा धक्का लहानच असेल, असे हा नियम सांगत नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ परिमाणाचा भूकंप झाला आणि सतरा दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ परिमाणाचा दुसरा धक्का बसला. त्यात आणखी दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली घरे दुसऱ्या धक्क्याने पडतात, हा जगभरचा अनुभव आहे.

दुसऱ्या प्रकारात एखादा ठळक मुख्य धक्का नसतो. लहानसहान प्रदेशात सारख्याच आकाराचे अनेक धक्के एकामागून एक बसतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. याला भूकंपमाला म्हणतात. मध्य प्रदेशात खंडव्याजवळच्या पंधाना परिसराने १९९८ साली हा अनुभव घेतला. सौराष्ट्रातील तलाला भागात २००७ आणि २०११ साली अशा मालिका झाल्या. हैदराबादच्या बोराबंडा वस्तीत ऑक्टोबर २०२० मध्ये अगदी सूक्ष्म धक्क्यांनी आणि त्यांच्या आवाजांनी लोक रस्त्यावर आले होते. हे धक्के बहुधा उथळ असतात, म्हणूनच लहान असूनही ते जाणवतात आणि त्यांचा आवाज ऐकू येतो. तो आवाज म्हणजे खडकातून आलेली कंपने हवेत शिरल्याचा परिणाम होय. जमिनीखाली ज्वालामुखी जागा झाला, अशी समजूत करून घेण्याचे त्यात कारण नाही.

कोयनेचा धडा

या विषयात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. सातारा जिल्ह्यातील १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यानंतर लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले. दख्खनच्या काळ्या पाषाणाचा हा प्रदेश तोवर स्थिर समजला जात असे. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ पेक्षा अधिक परिमाणाचा एक धक्का बसला. पुढे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली, दोनशेच्या आसपास माणसे मृत्यू पावली आणि हजारो बेघर झाले. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. पुढे ती अधिक मजबूत करण्यात आली. मुंबई-पुण्यापासून बेळगाव-गोव्यापर्यंत लोकांनी तो हादरा अनुभवला.

कोयनेचे वैशिष्ट्य असे की तेथील हालचाल त्या भूकंपाबरोबर संपली नाही. १९७३, १९८०, २००० आणि २००५ या वर्षीही ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे धक्के बसले. १९८५पासून दक्षिणेस वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूसही पसरले. १९६२पासून या परिसरात ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक भूकंप नोंदले गेले आहेत आणि ते सारे सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात झाले आहेत.

जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे. पाणी भूकंपाची शक्ती निर्माण करीत नाही. ती शक्ती खडकात दीर्घकाळ साठलेली असते. जलाशयाचा भार आणि भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे, आधीच घसरण्याच्या बेतात असलेली भेग सुटते. म्हणूनच प्रत्येक धरणाखाली भूकंप होत नाहीत. जपानच्या मात्सुशिरो येथे १९६५पासून दोन वर्षे चाललेल्या मालिकेत यंत्रांनी सात लाखांहून अधिक धक्के नोंदले. तेथे धरण नव्हते, पण खोलवरचे पाणी वर येऊन भूपृष्ठावर वाहू लागले होते. कोयना परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रांचे जाळे उभारले असून, भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधन घेऊन जमिनीच्या पोटातील खडकांची प्रत्यक्ष पाहणी केली आहे.

किल्लारी आणि पालघर

कोयनेच्या शेजारी आणखी दोन ठिकाणे ठेवली म्हणजे प्रश्नाची अवघड बाजू ध्यानात येते. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात १९९२ साली लहान धक्क्यांची मालिका झाली. १८ ऑक्टोबर १९९२ रोजी सुमारे ४ परिमाणाचा धक्का बसला. पुढे धक्क्यांची संख्या घटली आणि भीतीही ओसरली. जवळजवळ एक वर्षाने, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपी गेलेले असताना, सहापेक्षा अधिक परिमाणाचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. धक्क्यांची संख्या मोठी होती. फेब्रुवारी २०१९च्या आरंभी ४ परिमाणाहून किंचित मोठा धक्का बसला. थंडीच्या रात्री लोकांनी तंबूत आणि उघड्यावर काढल्या. त्या धक्क्याच्या वेळी घाबरून धावताना पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. परंतु त्या मालिकेच्या मागोमाग किल्लारीसारखा संहारक भूकंप आला नाही.

तीन ठिकाणी आरंभ सारखाच झाला : लहान धक्के. कोयनेत त्यांच्यामागून मोठा भूकंप आला आणि पुढे अनेक दशके धक्के चालू राहिले. किल्लारीत धक्के घटल्यावर, सारे शांत भासत असताना, अनर्थ ओढवला. पालघरला मालिका चालली, पण मोठा भूकंप झाला नाही. एखाद्या धक्क्याला पूर्वधक्का हे नाव देता येते ते मुख्य धक्का होऊन गेल्यानंतरच. १३ सप्टेंबर १९६७च्या धक्क्याचा अर्थ ११ डिसेंबरला कळला. भूकंपाचा दिवस, वेळ आणि आकार आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणापाशीही नाही. भूकंपमापक यंत्र झालेला धक्का मोजते, पुढचा पाहू शकत नाही.

अफवा आणि आश्वासने

अशा वेळी गावात दोन प्रकारची वाक्ये फिरू लागतात. "अमुक तारखेला रात्री मोठा धक्का बसणार," हे पहिले. यामुळे लोक घरेदारे टाकून निघतात, आजारी व वृद्ध माणसांचे हाल होतात आणि ती तारीख तशीच उलटली की पुढच्या खऱ्या सूचनेवरचाही विश्वास उडतो. दुसरे वाक्य अधिक सौम्य, पण तितकेच घातक आहे : "घाबरू नका, काही होणार नाही." लोकांना धीर द्यावा या सद्हेतूने जबाबदार माणसेही असे बोलतात. लहान धक्क्यांनी जमिनीतील शक्ती निघून जाते, म्हणून मोठा धक्का टळतो, असेही सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. परिमाण एका अंकाने वाढले की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीसपट होते. म्हणजे ६ परिमाणाच्या एका भूकंपाइतकी शक्ती निघण्यास ४ परिमाणाचे सुमारे एक हजार धक्के बसावे लागतील.

म्हणून तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांनी गावाला जसे आहे तसे सांगावे : धक्के कधी थांबतील हे कोणी सांगू शकत नाही, मोठा धक्का येईलच असे नाही, येणार नाही असेही नाही, आणि आपल्या हाती असलेले काम मात्र आजच करता येते. लोकांना सत्य पेलते. एकदा दिलेला खोटा दिलासा मात्र पुढे सगळ्या यंत्रणेला महाग पडतो.

हाती असलेले काम

हे काम घराचे आहे. किल्लारीच्या संहारामागे भूकंपाच्या आकाराइतकाच घरांच्या बांधणीचा वाटा होता. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच छप्पर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हलक्या छपराच्या झोपड्यांतील पुष्कळ माणसे वाचली.

ज्या गावात धक्के बसत आहेत तेथे प्रत्येक कुटुंबाने दिवसाउजेडी आपल्या घराभोवती एक फेरी मारावी. गिलाव्यावरची केसासारखी बारीक रेघ फारशी चिंतेची नसते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग, दोन भिंती जेथे मिळतात तेथे पडलेली फट आणि पोट सुटलेली दगडी भिंत ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा खोलीत झोपणे बंद करावे आणि पंचायतीमार्फत बांधकाम अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर कमी करावेत. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून पत्रे खिळ्यांनी किंवा आकड्यांनी पक्के करावेत. खाटेवरच्या फळीवर जड डबे, घागरी ठेवू नयेत. फडताळ भिंतीला बांधून टाकावे. नवे घर बांधताना दगडी भिंतीत ठराविक अंतरावर भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे आरपार दगड घालावेत आणि दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा सळईयुक्त काँक्रीटचा अखंड पट्टा द्यावा. पिंपाला जसे कडे, तसा घराला हा पट्टा.

शाळेत शिक्षकांनी मुलांकडून सराव करून घ्यावा. धक्का जाणवताच बाकाखाली बसणे, डोके झाकणे, बाकाचा पाय धरून ठेवणे, हादरा थांबल्यावर रांगेने मोकळ्या जागी जाणे आणि कोणालाही न ढकलणे, एवढे मुलांच्या अंगवळणी पडले पाहिजे. पालघरच्या बालिकेचा प्राण धावपळीत गेला, हे मोठ्यांनीही विसरू नये. चुलीतला विस्तव विझवणे, गॅसची टाकी बंद करणे ही कामे हादरा थांबल्यावर करावयाची आहेत. मोठा धक्का बसलाच, तर तडे गेलेल्या घरात दागिने, धान्य किंवा कागदपत्रे आणण्यासाठी कोणीही परत शिरू नये, कारण भूकंपोत्तर धक्के येणारच असतात.

पंचायतीने एक साधी वही ठेवावी. धक्क्याची तारीख, वेळ, आवाज आला की नाही, कोणत्या वाडीत अधिक जाणवला, कोणत्या घराला नवी भेग पडली, याची नोंद त्या वहीत करावी आणि ती तहसील कचेरीस कळवावी. यंत्र धक्क्याचा आकार मोजते, पण कोणाच्या घराची भिंत सरकली हे ते सांगत नाही. गावातील वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले असलेली घरे कोणती, हेही त्याच वहीत असावे. रात्री मदत पोहोचवायची वेळ आल्यास आधी कोणाचे दार ठोठवायचे, हे ती वही उघडताच कळेल.

धक्के थांबले की माणूस स्वाभाविकपणे निश्चिंत होतो आणि हाती घेतलेले काम अर्धवट सोडतो. किल्लारीला १९९२चे धक्के आणि १९९३ची पहाट यांच्यामध्ये जवळजवळ एक वर्ष होते. भिंती बांधून घेण्यास, छपरे हलकी करण्यास असाच काळ उपयोगी पडतो. त्या काळाचे पुढे काय होणार, हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते आणि आजही कोणास ठाऊक नसते. म्हणून ज्या गावात जमीन हादरली आहे, त्या गावाने धक्के चालू असोत वा थांबलेले असोत, प्रत्येक घराची पाहणी या पावसाळ्यापूर्वी पुरी करावी आणि जे घर सर्वांत कच्चे असेल त्याच्या दुरुस्तीपासून कामाला आरंभ करावा.